डोंगराचं नाव आणि साहेबाच्या मिशा

तुमच्या गावामागच्या डोंगराचं नाव आज कोणाच्या मालकीचं आहे, हे तुम्ही कधी तपासून पाहिलं आहे का?

मीही पाहिलं नव्हतं. मी सावली नावाच्या गावात वाढले, पत्रकांच्या ढिगाऱ्यात. वडील जंगलहक्काची, पाण्याची, मजुरीची पत्रकं छापून आणायचे आणि उरलेल्यांची माझ्या वह्यांना कव्हरं व्हायची. गणित सोडवतानाही मुखपृष्ठावरून कोणीतरी जाब विचारत असायचं. अजूनही मला स्वप्न पडतं, त्यात ते पिवळे, गुलाबी, पातळ कागद वैनगंगेवरून थव्यानं उडत पलीकडच्या जंगलात जाताना दिसतात.

त्याच पलीकडच्या जंगलात, गडचिरोलीच्या बाजूला, एक गाव आहे. गावामागे डोंगर आणि डोंगरावर गावाचा पेन, म्हणजे कोंबड्याचा मान असलेला देव. हिवाळ्यात सकाळी धुकं इतकं दाट असतं की आधी फक्त माथा दिसतो, पालथ्या डोंग्यासारखा, लाकडी होडीसारखा, हवेत तरंगणारा. मग हळूहळू त्याच्याखाली डोंगर भरत जातो. लोक तिथून मध काढून आणतात. गावातल्या बायकांचा गट तो गाळून बाटल्यांत भरतो.

त्या गटासाठी मी वेबसाइट बनवली. पत्ता म्हणून डोंगराचंच नाव टाकून पाहिलं. ते मोकळं होतं, लगेच मिळालं. मोकळं आहे म्हणजे आपलंच आहे, असं मला वाटलं. व्यापारचिन्हांची नोंद वेगळ्याच ठिकाणी असते आणि तिथे हे नाव आधीच कोणी नोंदवून ठेवलेलं असू शकतं, हा विचार मनाला शिवलाही नाही.

गावात सिग्नल मिळतो तो बोडीच्या पाळीवर, म्हणजे गावतळ्याच्या बांधावर. तिथेच बसून आम्ही साइट पहिल्यांदा उघडली. मागे डोंगर, बोडीच्या पाण्यात उलटा डोंगर आणि माझ्या फोनमध्ये अंगठ्याएवढा डोंगर. गटाची अध्यक्ष, जिला सगळे मावशी म्हणतात, तिघांकडे आळीपाळीनं बघत राहिली.

"हा तं तिसरा झाला बाई," ती म्हणाली. "आता कोंबडा कोनाले द्यायचा?"

शहरांतून मागणी येऊ लागली. बाटलीवरच्या लेबलवर तोच पत्ता छापला. लोक मधाला डोंगराच्या नावानं ओळखू लागले.

मग एका कंपनीचा मेल आला. कुठल्याशा दूरच्या शहरात ती बाटलीबंद मध विकते आणि आमच्या डोंगराचं नाव तिनं फार आधी आपल्या मधासाठी व्यापारचिन्ह म्हणून नोंदवलं होतं. कुठून उचललं कोण जाणे, नकाशात कोणाला तरी गोड वाटलं असेल. मेल अगदी नम्र होता. हा पत्ता आम्हाला द्याल का आणि काय घ्याल, एवढंच विचारलं होतं.

मी तो पाळीवर मोठ्यानं वाचून दाखवला. माझ्या डोक्यात उत्तराचं पत्रक तयार होत होतं. मावशीनं माझ्या हातावर हात ठेवला.

"भांडू नको. मागाले आलेला पाहुनाच असते."

त्या गावात कोणी लाडका बैल मागितला तर तोंडावर नाही म्हणत नाहीत. अशी किंमत सांगतात की मागणारा हसतो, चहा पितो आणि उठतो. बायकांनी तसंच सुरू केलं. एक म्हणाली, त्यायच्या सगळ्या गाड्या माग. दुसरी म्हणाली, साहेबाले इथी महिनाभर मोहा वेचाले पाठव म्हना.

शेवटी मावशीनं ठरवलं. "लिही. तुमची अख्खी कंपनी द्या, अन् वर साहेबाच्या मिशा द्या. मग न्या नाव."

"अन् साहेबाले मिशाच नसन तं?"

"तं वाढवू दे. आपल्याले काही घाई नाई."

मी हसत हसत तेच लिहिलं आणि पाठवलं.

पुढचा कागद आला तो तक्रारीचा. पत्ता कंपनीला मिळावा म्हणून तिनं साइटच्या पत्त्यांचे वाद सोडवणाऱ्या लवादाकडे दाद मागितली होती. आम्ही चंद्रपूरला वकिलांकडे गेलो. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला.

"डोंगर जुना, पन त्यायचा कागद तुमच्या साइटच्या आधीचा. अशा वेळी लवाद नियत पाहते. नाव वापराले घेतलं का विकाले? अन् तुम्ही तं किंमत सांगून बसल्या."

"ती किंमत नव्हती भाऊ. तो नकार होता," मी म्हणाले.

"मले समजते. मी बी इथलाच हाय. कागदाले समजत नाई."

तक्रारीत इंग्रजीत लिहिलं होतं की नावाच्या बदल्यात आम्ही कंपनीची मालकी मागितली. मिशा वगळल्या होत्या.

आम्ही सगळं जोडलं. डोंगराचं नाव असलेले जंगलाचे जुने नकाशे, मध गाळतानाचे फोटो, आलेल्या ऑर्डरी आणि मिशांसकट तो पूर्ण मेल. परत येताना, गाडीच्या खिडकीतून धानाच्या बांध्या मागे सरकत असताना, मावशीनं एकच विचारलं, "नाव गेलं तं पेनाले काय सांगू?"

नाव गेलं. निकालात म्हटलं होतं की हा विनोद होता असं धरलं, तरी आधी नोंदलेल्या चिन्हाशी जुळणारं नाव घेऊन त्याचा मोबदला मागितल्याचं दिसतं. मी तो पाळीवरच वाचला. बगळे नेहमीसारखे पाण्यात उभे होते.

मावशी म्हणाली, "डोंगर बी नेतेत का?"

"नाही. फक्त पत्ता."

"अन् आपन नाव घेऊ नाई, असं म्हनून राह्यले का?"

"घ्या की. पण बाटलीवर लावलं तर पुन्हा भांडण."

तिनं डोंगराकडे पाहिलं. "लय झालं त्याचं नाव घेऊन. जरा आराम करू दे त्याले."

म्हणून ते नाव मी इथे लिहिलेलं नाही.

उरलेल्या बाटल्या बायकांनी बोडीत बुडवल्या. लेबलं सुटली आणि पाण्यावर हलत राहिली, डोंगराच्या सावलीवरून. मला माझ्या स्वप्नातले कागद आठवले. आता साइट गटाच्या नावानं आहे, नोंदी तपासून घेतलेली. जुना पत्ता टाकला की एक चकचकीत पान उघडतं. त्यावरही डोंगर आहे, माथ्यावर बर्फ असलेला. जुनी गिऱ्हाइकं तिथे जातात आणि ती आम्हाला कशी शोधतील, ते अजून कळत नाही.

माझी विनंती तुम्हाला आहे. फोन हातात आहे तोवर आपल्या गावाचं, डोंगराचं, तळ्याचं नाव व्यापारचिन्हांच्या सरकारी नोंदीत शोधा. ती कोणालाही पाहता येते. तुमचा गट त्या नावानं काही विकत असेल, तर साइटचा पत्ता घेण्याआधी वकिलाला विचारा आणि ग्रामसभेत विषय मांडा. आणि कोणी नावाची किंमत विचारलीच, तर कितीही हसू आलं तरी उत्तरात एवढंच लिहा: विकायचं नाही.