बिनतंबाखूचा खर्रा

बोरगाव मेघेच्या चौकात नानाजीचा पानठेला आहे. सुपारी, तंबाखू नि चुना एकत्र घोटून खर्रा करण्यात त्याचा हात धरणारा आसपास कोणी नव्हता, आणि हे तो स्वतःच येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवत असे. स्वतः तंबाखू मात्र त्यानं कधीचीच सोडलेली. बायकोनं, धुरपतानं, पोरांची शपथ घातली तेव्हापासून तोंडात फक्त सुपारी, आणि ती दिवसभर. सुपारीनं कोणाचं काय बिघडतं, असं त्याचं साधं म्हणणं.

मग आकांक्षा ठेल्यावर येऊ लागली आणि नानाजीला ते खटकलं. वडनेरच्या शेतकऱ्याची पोर, शिकायला म्हणून इकडे आलेली, आणि दर आठवड्याला खर्रा नेते! टोकलं तर लाजेल आणि दुसऱ्या ठेल्यावर जाईल. म्हणून त्यानं आपल्यापुरता तोडगा काढला. तिची पुडी करताना तंबाखूच्या डब्याला नुसता हात लावायचा आणि सुपारी-चुनाच घोटून द्यायचा. वर, "कडक हाय हं," असं सांगायलाही हा गडी विसरत नसे.

खरं म्हणजे आकांक्षा खर्रा खातच नव्हती. ती कॅन्सरवर संशोधन करणाऱ्या एका प्रयोगशाळेत काम करत होती. वेगवेगळ्या ठेल्यांवरचा खर्रा आणायचा, त्याचा अर्क काढायचा, काचेच्या बशीत वाढवलेल्या तोंडाच्या पेशींवर तो टाकायचा आणि त्यांचं काय होतं ते पाहायचं. बाकी सगळ्या पुड्यांत निकोटीन सापडलं, नानाजीच्या पुडीत नावालाही नाही. मशीन बिघडलं असेल म्हणून तिनं पुन्हा तपासलं. तरी तेच. शेवटी ती ठेल्यावर येऊन उभी राहिली.

"काका, तुमच्या खर्ऱ्यात तंबाखू काऊन नाई?"

नानाजी ओशाळला. "तुयासारख्या पोरीले कशी देऊ व माय? माया हातच नाई झाला."

आकांक्षा खो खो हसली. आपण खर्ऱ्याचं काय करतो हे तिनं सांगितलं, तसा तोही कानाची पाळी धरून हसला. "म्हंजे माया पुडीनं तं तुया पेशी ठणठणीत राह्यल्या असन?"

तिचं हसू मावळलं. "नाई काका. त्याबी मेल्या. तंबाखू नव्हती तरी, नुसत्या सुपारीनं."

नानाजीचं चघळणं थांबलं. ते तिच्या नजरेतून सुटलं नाही. तिनं त्याला तोंड उघडायला लावलं आणि तीन बोटं एकावर एक धरून उभी आत घालायला सांगितली. दोन कशीबशी गेली, तिसरं काही केल्या जाईना. तोंड पुरतं उघडत नाही हे त्याला आधीपासून ठाऊक होतं. भाकर बारीक मोडून खायचा आणि दाढेला बोल लावायचा.

दुसऱ्या दिवशी आकांक्षा स्वतः त्याला दवाखान्यात घेऊन गेली. गालाच्या आत पांढरा चट्टा निघाला. त्यातला तुकडा तपासला, तर कॅन्सरच, पण अगदी सुरुवातीचा. डॉक्टर म्हणाले, वेळेवर आलात, एवढं काढून टाकलं की निभावेल. धुरपता आकांक्षाचे हात घट्ट धरून रडली. जिला जपायला आपण निघालो, तिनंच आपल्याला जपलं, या विचारानं नानाजीचा ऊर भरून आला. इतके उपकार त्याच्यावर सख्ख्यांनीही केले नव्हते.

ऑपरेशनच्या सकाळी आकांक्षा खाटेजवळ येऊन घुटमळली. काढलेल्या भागातला थोडा प्रयोगशाळेला मिळाला, तर त्या पेशी वाढवून त्यांच्यावर नवी औषधं तपासता येतात, असं तिनं सांगितलं. "तुमची मर्जी असन तरच, काका."

नानाजीनं तिच्यापुढे हात जोडले.

"घे माय, लागन तेवढं घे. इतकी वर्सं मी याच हातानं लोकायले हे घोटून देत राह्यलो. औषध सापडलं, तं पहिले माया ठेल्यावरच्या पोरायले देजो."