दोन्ही टोकांना शून्य

विलास गेला त्या सकाळी साडेनऊला मी त्याच्या खोलीत चहा ठेवून आलो होतो. दारव्ह्यातल्या आमच्या घराची मागची खोली हाच माझ्या या धाकट्या भावाचा स्टुडिओ. लग्नांचे व्हिडिओ तो तिथेच जुळवायचा. त्या दिवशी पडद्यावर माझ्याच मुलीचे, मनीषाचे लग्न होते. "दादा, अकराले ये, पुढचं दाखवतो," म्हणाला. दहा पन्नासला छातीत कळ आली. यवतमाळला पोहोचेपर्यंत... वय सत्तेचाळीस. आज सदतीस दिवस झाले.

मी नोकरीभर मोजमापाच्या वह्या लिहिल्या, त्यामुळे सेकंदाला पंचवीस फ्रेम, म्हणजे पंचवीस चित्रे, हे त्याचे गणित मला आवडायचे. गिऱ्हाइकांना गणित नको असे. बोरी अरबचे एक मामा तर अडूनच बसले, "नवरी गुलाबातून निंघाली पाहिजे! शेजाऱ्याच्या व्हिडिओत बदाम फिरून राह्यला होता." विलास म्हणाला, "मामा, बदामही फिरवतो. पण पोरगी सासरी जाऊन राह्यली, तिले सुखानं रडू तं द्या." आणि त्याने गुलाब, बदाम बाजूला ठेवून एक दृश्य हळूहळू विरवत दुसरे उमटवले. त्यासाठी कापलेल्या जागेपुढचे चित्रण शिल्लक लागते; विरणाऱ्या चित्रालाही थोडे पुढे चालावे लागते. "फेकू नको दादा काही. उरलेलंच कामी येते," हे मी त्याच्या तोंडून ऐकले होते. तरीही...

मनीषाच्या लग्नात कॅमेरा त्याच्याच हाती, म्हणून तो कुठेच नव्हता. फुले उधळायच्या वेळी तिने भांडून तो कॅमेरा त्याच्या मित्राला द्यायला लावला. विलास मांडवाच्या खांबाशी, मुठीत पाकळ्या, मित्रावर ओरडतो, "अबे, मले काहून घेतं? नवरी तिकडं हाये!" मूळ चित्रण मिनिटभराचे होते, असे संगणकावरच्या यादीत दिसत होते, मी ते उघडून पाहिले नाही. व्हिडिओत त्याने स्वतःला तीन सेकंद अकरा फ्रेम दिल्या. एकूण शहाऐंशी.

विलासच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाल्यावर मनीषा म्हणाली, "बाबा, व्हिडिओ तुम्ही पुरा करा. अन् काकाले एकदम कापू नका. हळूच जाऊ द्या." मी हो म्हणालो. पण डिस्क भरली होती, संगणक अडकायचा. न वापरलेले चित्रण गाळून काम नव्याने साठवायची सोय त्या सॉफ्टवेअरमध्ये आहे. संगणकाने विचारले, प्रत्येक तुकड्याच्या दोन्ही टोकांना किती फ्रेम राखायच्या? मी शून्य लिहिले. न लागणारे ठेवायचे कशाला, हा माझा स्वभाव. नवी प्रत तीनदा तपासली, एकही तुकडा कमी नव्हता. मग जुने फोल्डर कायमचे पुसले आणि मोकळ्या झालेल्या जागेत व्हिडिओची पहिली प्रत काढली.

दुसऱ्या दिवशी विलासच्या दृश्याला दोन सेकंदांचे विरणे लावायला गेलो. पुढे चित्रणच नाही, शेवटची फ्रेम थिजवून भागवू का, असे पडद्यावर आले. भागवून पाहिले. इतरांची फुले हवेत थांबतात, त्याचे तोंड उघडे राहते, आणि तो भिंतीवरच्या फोटोसारखा पुसट होतो. गती निम्मी केली, तर आवाज ओढल्यासारखा झाला... दवाखान्याच्या वाटेवर होता तसा. ते पुन्हा ऐकवले नाही. कॅमेऱ्याच्या कार्डावर विलासने त्यानंतर दुसरी दोन लग्ने घेतली होती, तिथेही ते उरले नव्हते. डिस्क घेऊन यवतमाळला गेलो. दुकानदाराने दोन दिवस ठेवून घेतली. "काका, पुसल्यावर त्याच जागी तुम्ही नवीन लिवलं न. आता काही निंघत नाही." मी म्हटले, एक सेकंद तरी बघा. पंचवीसच फ्रेम. त्याने डिस्क परत पिशवीत घालून दिली.

मनीषाचा दर रविवारी फोन येतो. "झालं का बाबा?" मी म्हणतो, होऊन राह्यलं. खोटे बोलायची मला सवय नाही. वर्तमानपत्राची ही पुरवणी तिच्या घरी येते, म्हणून इथेच लिहितो. मनीषा, तुझ्या काकाचे ते मिनिट मी पुसले. उरले ते त्याच्या खुर्चीत बसून एकेक बटण दाबत रोज पाहतो. सत्तराव्या फ्रेमला तो तुझ्याकडे वळतो. शहाऐंशीव्या फ्रेमला मूठ उघडू लागते, पाकळ्या अजून सुटलेल्या नाहीत... त्यापुढचे तू मांडवात पाहिले आहेस. मी त्या वेळी जेवणाची ताटे मोजत होतो.