लेकीच्या ट्रकला माझी धडक

आयुष्यभर ट्रक चालवला. शिरोली एमआयडीसीतनं फौंड्रीचं कास्टिंग, म्हणजे ओतीव लोखंडाचा माल भरायचा आणि पुणे, चेन्नई, मालक म्हणेल तिथं पोचवायचं. तेवढ्या काळात कुणाच्या गाडीला ओरखडा काढला नाही. बढाई म्हणून सांगत नाही, सोबतचे ड्रायव्हर अजून हयात आहेत, विचारा त्यांना. आणि म्हातारपणी, घरात खुर्चीवर बसून, पहिली धडक दिली ती पोटच्या पोरीला.

धडक कॉम्प्युटरवरची. पण बसली ती खरोखरची.

कसं झालं ते सांगतो. माझी एकच लेक, ती जर्मनीत असते. तिची आई गेली तेव्हा तिचे दिवस भरत आले होते, डॉक्टरनं विमानात बसू दिलं नाही. आईचं शेवटचं सगळं तिनं मोबाईलवर बघितलं. कुणीतरी फोन धरला होता, तोही हलत होता. त्यानंतर तिच्या तोंडून 'आई' हा शब्द मी ऐकला नाही. फोन यायचा. "आप्पा, जेवला का? गोळी घेतली का?" मी म्हणायचो, व्हय. मग ती म्हणायची, ठेवू का? बायको होती तोवर फोनवर तीच बोलायची, मी लांबून ओरडून काय ते सांगायचो. लेकीशी बोलायचं कसं, हे मला ठाऊकच नव्हतं.

मग तिनंच हे ट्रकच्या खेळाचं काढलं. तिनं तिच्या घरात बसायचं, मी माझ्या, आणि दोघांनी एकाच रस्त्यावर ट्रक चालवायचा. कानाला हेडफोन, त्यातून बोलणं. स्टेअरिंग आणि पायातले ब्रेक, अ‍ॅक्सिलेटर तिनं पार्सलनं पाठवले. कॉम्प्युटर मी इथं घेतला, नवा कोरा. दुकानदार म्हणाला, "काका, हे विमान हाय विमान." मी म्हटलं, मला ट्रक पायजे.

पहिल्या रविवारी मी हबकलोच. रस्ता तिकडचा. स्टेअरिंग डाव्या अंगाला आणि गाडी हाणायची रस्त्याच्या उजवीकडनं. एक खड्डा नाही, एक म्हैस आडवी नाही. असल्या रस्त्यावर माणूस झोपून मरायचा. पण लेक बोलायला लागली. बाळाला दात येतोय, शेजारीण खडूस आहे, जावई भात करपवतो. आमच्याकडच्या पोरी पोरांसारखं 'मी येतो, मी जातो' असंच बोलतात. एवढ्या लांब जाऊनही तिचं ते गेलं नव्हतं, हे मला तेव्हा कळलं. दोन माणसं शेजारी बसून समोर रस्त्याकडं बघत असली की बोलणं आपोआप निघतं. तोंडाकडं बघायचं नसतं ना. क्लीनरची आणि माझी सगळी दोस्ती तशीच झालेली.

तिकडं रविवारी दुपारी बाळ झोपायचं, इकडं संध्याकाळ व्हायची. मी आठवडाभर त्या संध्याकाळची वाट बघायचो.

पण खेळ अडकायचा. रस्ता चालू असताना एकदम थिजायचा, आणि पापणी लवायच्या आत गाडी पार पुढं जाऊन पडायची. तिचं बोलणं तुटायचं. "लॅग येतोय आप्पा," ती म्हणायची. नव्या गाडीचा सेल्फ मारावा आणि ती खोकावी, तसं मला झालं.

आणि एका रविवारी ते झालं. ती पुढं, मी मागं. सिग्नल लाल झाला, तिनं गाडी थांबवली. मीही ब्रेक दाबला आणि तिच्या मागं गाडीभर जागा सोडून व्यवस्थित उभा राहिलो. तेवढ्यात कानात किंकाळी.

"आप्पा! मारला की मला!"

"कुठं? मी मागं हुबा हाय."

"मागं कुठलं! माझी ट्रॉली आडवी पडलीया!"

"अगं डोळं हायत का न्हाईत? मी हुबा हाय म्हणतोय न्हवं!"

आणि माझा पडदा हलला. तिचा ट्रक रस्त्यात आडवा, आणि माझ्या ट्रकचं तोंड त्याच्या पोटात. माझा पाय अजून ब्रेकवरच होता. मी पायाकडं बघितलं, पडद्याकडं बघितलं. त्याच रस्त्यावर खेळणाऱ्या, मागच्या कुण्या परदेशी गड्यानं पडद्यावर खाली काहीतरी लिहिलं. मी विचारलं, काय म्हणतोय तो?

"म्हणतोय, म्हाताऱ्या, आधी लायसन काढ."

एरवी मी त्याच्या सात पिढ्या काढल्या असत्या. पण मी अजून ब्रेकच दाबून धरला होता.

लेकीनं समजावलं. मी इथं ब्रेक दाबतो, ते तिच्याकडं उशिरा पोचतं. तोवर तिच्या पडद्यावर माझी गाडी धावतच असते. म्हणजे मी केलं एक, तिला दिसलं दुसरं, आणि दोघंही खरं बोलतोय. असला अपघात मी जन्मात बघितला नव्हता. पोलिसानं पंचनामा तरी काय करायचा?

थोड्या वेळानं ती म्हणाली, "आप्पा, ऱ्हाऊ द्या आता. मला आठवड्यातनं एवढाच वेळ मिळतोय आणि तो ह्यातच जातोय. पुढच्या रविवारपर्यंत झालं नीट तर झालं. न्हाईतर बंद करू. मी फोन करत जातो की."

फोन. जेवला का, गोळी घेतली का, ठेवू का. मी त्या स्टेअरिंगला धरून बसून राहिलो.

सोमवारी दुकानदाराला गाठलं. तो म्हणाला, "कॉम्प्युटर टॉप हाय, नेटमध्ये लोचा असणार." नेटच्या कंपनीला फोन केला. तिथली बाई म्हणाली, "लाईन क्लिअर आहे सर, कॉम्प्युटर चेक करा." ही तऱ्हा माझ्या ओळखीची. पंपवाला म्हणतो डिझेल चोख, मिस्त्री म्हणतो इंजिन चोख, आणि गाडी कात्रजच्या चढावर उभी.

लेकीनं मेसेजवर सांगितलं तसं खेळातलं चित्र हलकं केलं. झाडं गेली, ढग गेले, ट्रक मातकट झाला. लॅग होता तिथंच. पडद्याच्या कोपऱ्यात एक आकडा असतो, त्याला पिंग म्हणतात. आपण केलेलं तिकडं जाऊन परत यायला किती वेळ लागतो, त्याचा तो काटा. जेवढा कमी तेवढं बरं. माझा काटा चढायचा तो घाटातल्या तापलेल्या इंजिनासारखा.

शेवटी शनिवारी कंपनीचा माणूस घरी आला. टकल्या, तोंडात मावा, बोलायला मोकळा.

"मामा, राऊटर कुठं बसवलाय?"

"आत. मांडणीवर."

मांडणी म्हणजे आमच्या स्वयंपाकघरातली भांड्यांची. भिंतभर आहे. हंडे, कळश्या, डबे, पातेली, तांबे, ताटं. माझ्या बायकोचा सगळा जीव त्या मांडणीत. बायको गेल्यापासून मी मांडणीला कुणाला हात लावू दिला नव्हता. भांडी घासायला येणाऱ्या बाईला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, माझं एक ताट, एक वाटी, एक पातेलं. मांडणीकडं बघायचंसुद्धा नाही. रोज सकाळी चहाचा कप घेऊन मी मांडणीसमोर पाटावर बसायचो. तिनं लावलेली भांडी तशीच आहेत, एवढं बघून उठायचो.

टकल्या स्टुलावर चढला. मोठ्या हंड्याच्या मागं हात घालून त्यानं राऊटर वायरीसकट ताणून बाहेर काढला, हातात वर धरला आणि मला म्हणाला, "जावा, आकडा बघा." गेलो. बाहेरच्या खोलीत पडद्यावर काटा खाली आलेला. त्यानं राऊटर परत मागं ठेवला. काटा चढला. परत काढला, उतरला.

"स्टीलमधनं नेट जात न्हाय, मामा. तुम्ही राऊटरला किल्ल्यात कोंडलाय. वायर मागं अडकलीया. ही भांडी सगळी उतरवा, पाच मिनटाचं काम हाय." आणि त्यानं कळशीला हात घातला.

"हात लावायचा न्हाय!"

"अवो, काढल्याबिगर कसं..."

"न्हाय म्हटलं की न्हाय. उतर खाली."

"मग खेळू नगा," तो म्हणाला. अर्धा चहा तसाच टाकून गेला.

मी बाहेरच्या खोलीत गेलो, आत आलो, परत बाहेर गेलो. एका खोलीत लेक, एका खोलीत बायको, आणि मधे मी. दुसऱ्या दिवशी रविवार. शेवटी फोन लावला आणि सांगून टाकलं. "स्टील आडवं येतंय म्हणं. तुझ्या आईची मांडणी उतरवा म्हणत हुता. हाकलला त्याला."

मग ती म्हणाली, "दाखवा."

आई गेल्यापासून स्वयंपाकघर बघायचं तिनं कधी नाव काढलं नव्हतं. मी मोबाईल मांडणीकडं वळवला. इकडून तिकडं, वरून खाली, सावकाश फिरवला. ती गप्प. मला वाटलं, इथंही लॅग.

"हे कुणी लावलंय?" ती म्हणाली.

"कुणी म्हंजे? तुझ्या आईनं."

"न्हाय."

"न्हाय काय न्हाय?"

"आप्पा, ही आईची मांडणी न्हाय. तांबे बघा की. सुलटे ठेवलेत. आई कधी तांब्या सुलटा ठेवायची? पाल पडत्या म्हणायची. आणि हंडा मधे? हंडा डाव्या कोपऱ्यात असायचा. पितळी डबे खालच्या फळीवर. आणि राऊटरच्या पुढं ती चमचा ठेवू द्यायची न्हाय कुणाला. सिरीयल अडकायची तिची!"

मी पाट ओढून बसलो.

उत्तरकार्याचा दिवस आठवला. भावकीतल्या बायका आत, मी बाहेर मांडवात पुरुषांत बसलेलो. शंभर-दीडशे पानं उठली. मोठी भांडी काढली, रांधलं, वाढलं, घासलं, आणि जाताना त्या बायांनी सगळं उचलून हाताला येईल तसं मांडणीवर चढवलं. संध्याकाळी मी आत आलो तर मांडणी भरलेली, चकचकीत. तेव्हाच मनाशी ठरवलं होतं, हिला कुणाला हात लावू द्यायचा नाही.

वर्ष झालं असेल त्याला. वर्षभर मी भावकीतल्या बायकांनी लावलेल्या भांड्यांची राखण करत होतो. त्यांच्यापुढं चहा पीत होतो. आणि मला कळलं नाही. तांबे सुलटे आहेत हे सहा हजार किलोमीटरवरनं पोरीला मोबाईलवर दिसलं, आणि हातभर अंतरावरून मला दिसलं नाही. कुणी कानाखाली मारली असती तरी एवढा हादरलो नसतो.

"आप्पा? हाय का तिथं?"

"हाय."

"काढा सगळं खाली. मी सांगतो तसं लावा."

मोबाईल पिठाच्या डब्याला टेकवून उभा केला. एकेक भांडं उतरवलं. वरून बरी दिसत होती, पण मागच्या बाजूला धूळ, जळमटं. आणि पोरीचं तोंड सुरू झालं.

"पुसा आधी. तसंच ठेवू नका. पुसा म्हणतोय न्हवं!"

"पुसतोय की. तुझ्या आईचं तोंड घेऊन आलीयास."

"असंना का. ती कळशी न्हाय, दुसरी. चेपलेली. आई ती मागं लपवायची, पावण्यांना दिसू नये म्हणून."

ती रडत होती आणि हुकूम सोडत होती, दोन्ही एकाच वेळी. मध्येच बाळ उठलं, त्याला मांडीवर घेऊन पुन्हा बसली. आई असं करायची, आई तसं म्हणायची, आई, आई, आई. वर्षभराचं साठलेलं एकदम फुटलं. खालच्या फळीवर आधी मोठा डबा की धाकटा, यावर आमचं कडाक्याचं भांडण झालं. ती म्हणाली मोठा. मी म्हटलं, रोजचा चहासाखरेचा धाकटा, तो हाताशी असायचा. हे मला आठवत होतं. ती म्हणाली, "व्हय की. बरोबर आप्पा." एवढं एक मला आलं.

राऊटर पुढं घेतला. त्याच्या पुढं काही ठेवलं नाही.

रविवारी ट्रक काढले. काटा खाली बसला होता, हलला नाही. रस्ता लोण्यासारखा. मी मागं, ती पुढं. ब्रेकचा दिवा तिकडं लागला की इकडं लागत होता. मला त्याचंच नवल करायचं होतं, पण ती बोलत होती.

"आप्पा, आई मला रोज एकच विचारायची. तिकडं भाकरीचं पीठ मिळतंय का? मी म्हणायचो, न्हाय. दुसऱ्या दिवशी परत. आज मिळालं का? जसं काय रात्रीत गिरणी निघणार हाय इथं."

मी हसलो. आणि हसता हसता रस्ता दिसेनासा झाला. डोळे पुसायला हात काढायची सवय नाही, हात स्टेअरिंगवर लागतात. गाडी कडेला घेतली आणि उभी केली.

"आप्पा? अडकला का परत?"

"न्हाय. थांबलोय."

ती पुढं गेली होती. तिचा ट्रक हळू झाला आणि कडेला लागला. मागून येणारा कुणीतरी जोरात हॉर्न देऊन गेला.

"थांबायचं तर इंडिकेटर तरी द्यायचा की," ती म्हणाली.

मी इंडिकेटर दिला.