दावं घरीच राहिलं

ब्रह्मपुरीच्या मोटारस्टँडवर आमच्या गावचा माणूस भेटला. म्हणाला, "बाई, भाऊ गेले." माझ्या तोंडून एकच शब्द निघाला, "उतारावर?" तो म्हणाला, "नाई वो, खाटेवर. झोपेतच." ...आणि रडू यायच्या आधी मला हायसं वाटलं. सख्खा भाऊ गेला नि बहिणीला हायसं वाटलं, म्हणून कुणी नावं ठेवतील. ठेवोत. त्यांनी आमची काळजी पाहिलेली नाही.

भाऊ जंगलातून सागाचे लठ्ठे बैलगाडीनं डेपोत आणायचा. उतारावर ओझं मागून रेटतं, बैल कोसळतात, गाडीवानही चाकाखाली येतो. म्हणून त्यानं चाक दाबून धरणारा लाकडी ब्रेक बनवला. बसल्या जागी दोरी ओढली की गाडी आवरायची. नागपूरच्या वकिलानं त्याचं पेटंट मिळवून दिलं, आणि पुढं सरकारनं आपल्या गाड्यांना तो लावायचा हक्क विकत घेतला. गावात पेढे वाटले. दुसऱ्या दिवशी या शहाण्यानं स्वतःच्याच गाडीचा ब्रेक काढून ठेवला.

"काऊन रे भाऊ, डोकं फिरलं का तुझं?"

"विकलेला बैल आपल्याच नांगराले कसा जुंपू, बाई? बेइमानी होते."

कितीही सांगा, पालथ्या घड्यावर पाणी. तो जंगलात गेला की वहिनीचा भात करपायचा. तिचे कान बैलांच्या घुंगरांकडं. मी माहेरी असले की दारातून हलत नसे. एकदा डावा बैल उतारावर गुडघ्यांवर आला, भाऊचा पाय थोडक्यात वाचला. तरी ऐकेना. शेवटी जंगल खात्याच्या साहेबांना मीच घरी घेऊन आले. ते म्हणाले, "आम्ही फक्त वापरायचा हक्क घेतला. तुम्ही खुशाल लावा." भाऊला पटेना. आमच्याकडं बैल विकतात, पण त्याचं दावं देत नाहीत, ते घरीच ठेवतात. भाऊनं साहेबांना विचारलं, "म्हंजे दावं माझ्याकडंच राह्यलं?"

"हो, दावं तुमच्याकडंच."

त्याच संध्याकाळी ब्रेक चढला. आमची धास्ती मात्र कधी गेली नाही.

तेरवीला गेले तर गाडी अंगणात उभी. घरी परतला की सपाट अंगणातही भाऊ ब्रेक ओढून दोरी घट्ट बांधायचा, वहिनीला दिसावं म्हणून... आलो, आता कुठी जात नाई. पाहुण्यांना स्टँडवर पोचवायचं होतं, म्हणून मी गाठ सोडायला वाकले. वहिनीनं माझा हात धरला.

"राहू द्या बाई. त्यायनं बांधली हाये."

पाहुण्यांसाठी आम्ही शेजाऱ्यांची गाडी मागून आणली.