आईच्या पिशवीची चेन

रोममधला आमचा बुधवार आईनं वसईतच ठरवून टाकला होता. सकाळी पोपचं दर्शन आणि बाकीचं रोम उरलेल्या वेळात. संग्रहालय तिनं दुपारवर ढकललं. म्हणाली, "तिथले पुतळे कुठं पळून जाणार आहेत?"

दर्शनाच्या चौकात ऊन यायच्या आधीच आम्ही खुर्च्या धरल्या. शेवटी पोपनी आशीर्वादासाठी हात उचलला. हा आशीर्वाद सोबत आणलेल्या वस्तूंना आणि घरच्या आजाऱ्यांनाही पोचतो, म्हणून भोवतीच्या लोकांनी आपापल्या रोझरीच्या माळा उंच धरल्या. आईनं मांडीवरच्या पिशवीची चेन उघडली. आत शेजारणींनी दिलेल्या माळा होत्या, शिवाय छत्री, ब्लडप्रेशरच्या गोळ्या आणि उरलेली सुकेळी, आमच्या वसईची वाळवलेली केळी. प्रार्थना संपताच तिनं चेन लावली, आतलं गरम राहावं म्हणून डब्याचं झाकण लावावं तशी.

मला हसू आलं. पण दुपारी पुतळ्यांसमोर मी सारखा फोन वर धरत होतो, तेव्हा वाटलं, मी तरी वेगळं काय करतोय? जे हातात येत नाही ते घरी न्यायला प्रत्येकाला काहीतरी उघडावंच लागतं.

वसईला परतल्यावर आई माळा वाटायला गेली. शेवटचं घर अंथरुणाला खिळलेल्या रेजिनामावशींचं होतं. तिथून ती रिकाम्या हातानं आली.

"पिशवी कुठंय?" मी विचारलं.

"रेजिनाच्या उशाशी," ती म्हणाली. "चेन उघडून ठेवलीय."