आबांचं वाचन
हिलाल आबा शिंदखेड्यात शिंपीकाम करायचे आणि दुकानात आलेल्यांना मोठ्याने पेपर वाचून दाखवायचे. पक्षाघातानंतर ते पिंप्राळ्याला मुलाकडे आले, तेव्हा एक ओळ वाचतानाही अडखळत.

सून सुलक्षणाने मोबाइलवर एक मिनिटाचा टायमर लावला. जेमतेम वीस शब्द झाले. आबा इरेला पेटले आणि महिन्याभरात साठावर गेले.

"काय होती बातमी?" तिने विचारलं.

आबांचा चेहरा पडला. "वाचं तं बठ्ठं, पन ध्यानमा काहीच नई ऱ्हायनं."

तिने त्यांचा हात हातात घेतला. "मग आबा, आता जेवढं सांगता येईल तेवढंच मोजू."

वेग पुन्हा खाली आला. पण आबा दोन-तीन शब्द एका नजरेत घ्यायला शिकले, परिच्छेद संपला की थांबून सांगू लागले. हळूहळू वेगही वाढला.

एका दुपारी ते वाचता वाचता मध्येच खदखदून हसले. बातमीतली म्हैस लग्नाच्या मांडवात शिरली होती.

"आबा, टायमर चालू आहे!"

"ऱ्हाऊ दे, बेटा. हाई आयक पहिले," म्हणत आबांनी अख्खी बातमी रंगवून सांगितली. मिनिट कधीच संपलं होतं. सुलक्षणा डोळे पुसत हसत होती.