कंपनीकडे राहिलेला आवाज

पांढुर्ण्यातला हा मोबाइल दुरुस्तीवाला कंपन्यांच्या ताब्यात नसलेल्या, मुक्त सॉफ्टवेअरवरचं माझं पत्रक कधीच वाचत नाही. मी बोलत सुटलो की नुसतं "हो न भाऊ" म्हणतो. पण कुणाचाही फोन खोलण्याआधी त्यातले फोटो, व्हॉइस मेसेज मेमरी कार्डात उतरवून हातात देतो. "हे घरी ठेवा जी. कंपनीच्या भरवशावर नोका राहू."

त्याची आई वारली. तिचे मेसेज कंपनीनं बंद केलेल्या खात्यात अडकलेत. दुकान उघडलं की तो आधी तिथं पासवर्ड टाकून पाहतो.

काल मी चिडलो, "हा दरोडा आहे!"

"दरोडाच हाये. तुह्या मायचा आवाज कुठी हाये?"

त्याच कंपनीकडे होता. मी फोन पुढे केला.

माझ्या आईचं "जेवला का रे बाबू" नीट उतरलं का, ते त्यानं ऐकून पाहिलं. नीट उतरलं होतं. तरी त्यानं ते पुन्हा लावलं.